वण नाही त्याला खोली नाही

सारसोळ्यात मला खोली मिळाली ती न झालेल्या एका जखमेवर.

नेरूळमध्ये तोवर सात घरं बघून झाली होती. सातही ठिकाणी तेच प्रश्न. लग्न झालंय का, कंपनी कुठली, मित्र किती येतात. आठवं घर गावठाणातलं. चार मजली, आणि प्रत्येक मजला खालच्याहून हातभर पुढे सरकलेला. इतका, की चौथ्या मजल्यावरच्यानं मनात आणलं तर समोरच्या बिल्डिंगीतल्याच्या चहात बिस्कीट बुडवावं. खाली पायरीवर बनियन घातलेला, कमरेला रुमाल गुंडाळलेला एक सत्तरीचा माणूस लाकडी सुईनं जाळं सांधत बसला होता. शेजारी तसाच दुसरा, जरा वाळलेला. पहिले ते मालक. दुसरा त्यांचा चुलतभाऊ, जन्मभर होडी हाकलेला, म्हणून त्याला आख्खी आळी तांडेल म्हणायची. मी कागदांची फाईल पुढे केली. मालकांनी ती घेतली आणि चिंबोऱ्यांच्या पाटीवर झाकण म्हणून ठेवली.

"कापलंय का कदी?"

"काय?"

"तुना. आंगाव जकम हाय का कुटं? टाकं पडलंत?"

एजंट माझ्या कानात कुजबुजला, "असेल तर हो म्हणा, साहेब. आधीचे चार इथंच कटले."

आता माझं अंग म्हणजे कंपनीच्या गुळगुळीत माहितीपत्रकासारखं. सत्तावीस वर्षांत खरचटण्यापलीकडे काही नाही. पण उन्हात आठवं घर होतं, आणि सांगलीकडच्या माणसाला गप्प बसायचं कुणी शिकवत नाही.

"आहे ना," मी म्हणालो. "पण दाखवता येणार नाही अशा जागी. रेड्यानं शिंग घातलं होतं. सतरा टाके. डॉक्टरचा दोरा संपला, शेवटचे पाच शिंप्याच्या दोऱ्यानं घातले."

मालकांनी सुई थांबवली. मला आपादमस्तक बघितलं. मग मान न वळवता म्हणाले, "तांडेला, दाहानी भाग."

"पावनेदोन," तांडेल म्हणाला.

"दोन टाकं. चालंल. दे त्याला किल्ली."

त्या दिवसापासून माझं प्रत्येक वाक्य त्या आळीत दहानं भागलं गेलं. मी म्हणालो, आजोबांची चाळीस एकर होती. तांडेल म्हणाला, चार. (तीन होती.) मी म्हणालो, आमच्या नदीत मगर आली होती, वीस फुटी. मालक म्हणाले, दोन फुटाची, म्हंजे घोरपड. पोरंसोरं, मासळीवाल्या, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, सगळ्यांना नियम पाठ झाला. मी तोंड उघडलं की समोरचा आकाशाकडे बघून हिशेब करायचा. मलाही त्याची मजा वाटायची. म्हटलं, चला, आपल्या बोलण्याला निदान कुणीतरी गाळणी लावली. आता हवं तितकं ओतावं.

मालक गेले. ते कसे गेले त्यात माझ्या जिभेचा वाटा किती, हे मी बऱ्याचदा मांडून बघतो. दहानं भागूनही उरतो.

त्यांचा विश्वास फक्त उघडून शिवलेल्या माणसांवर. "ज्याचं आंग कदी उगडलं नाय त्याला आतलं काय म्हाईत?" हे त्यांचं वेदवाक्य. बायका भाडेकरूंची चौकशी मालकीणबाय करायच्या. सिझर झालेलीला लगेच होकार आणि वर सुक्या जवळ्याची पुडी. दुसऱ्या मजल्यावर बेलापूरच्या सरकारी कचेरीत काम करणारे एक कांबळेसाहेब राहायचे, मूळचे मराठवाड्याकडचे, अबोल, सज्जन. त्यांची हर्नियाची दोन ऑपरेशनं झालेली. दोन! पाण्याचा पंप चालू झाला की आधी त्यांची टाकी भरायची, मग उरलेल्या जगाची.

स्वतः मालक म्हणजे चालतंबोलतं प्रदर्शन. पोटरीला पाकटाच्या काट्याचा वण: पाकट म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेला मोठा चपटा मासा, खाडीच्या चिखलात दबा धरून बसतो. दोन्ही तळव्यांना दोरीनं कापलेल्या रेघा, त्यामुळे त्यांच्या हाताचं भविष्य कुठल्याच ज्योतिषाला वाचता आलं नाही. आणि मुख्य दालन म्हणजे पोट. छातीच्या हाडापासून बेंबीला वळसा घालून खाली गेलेला, बोटाएवढा रुंद, चकचकीत वण. तरुणपणी आतडं फुटलं होतं. पाहुण्याला चहाबरोबर तो दाखवला जायचा. लग्नाच्या हळदीत, बँड ऐन रंगात असताना, मालक बनियन वर करून नाचलेले मी बघितलेत.

"होडीत घालून नेला मना पल्याड मुंबईला," ते सांगायचे. "आतडं भायेर. ह्या तांडेलानी हातानी दाबून धरलेलं. डोल मारली होडीनं का याचा हात सरकायचा, मी वरडायचो, अरे धर! दीड म्हैना सरकारी दवाखान्यात. नऊ दिस पान्याचा थेंब नाय."

"मालक, हे मी दहानं भागू का?" मी एकदा विचारलं.

"माजं भागायचं नाय," ते म्हणाले आणि बनियन वर केलं. "माज्याकडं पुरावा हाय."

मी काय विकतो हे मी त्यांना सहा महिने सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? वाशीपासून पनवेलपर्यंतच्या दवाखान्यांना मी दुर्बिणीच्या ऑपरेशनची अवजारं विकायचो. पोटाला तीन-चार भोकं पाडायची, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हातभर लांब चिमटे आणि कात्र्या, डॉक्टर बघणार समोरच्या स्क्रीनवर. काम झालं की भोकांवर बोटभर पट्टी, आणि वर्षभरानं शोधूनही वण सापडू नये. ज्या माणसाची आख्खी न्यायव्यवस्था वणावर उभी, त्याच्या माडीवर राहून मी वण नाहीसे करायचा धंदा करत होतो. कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. दुखावले. दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "म्हंजे तू जकमा पुसतोस. मंग म्हातारपनी मानसांनी दावायचं काय?"

मग शिमग्याच्या आधी, एका सकाळी, मालकीणबाय बोंबलाची चटणी घेऊन वर आल्या. गुडघ्याच्या दुखण्यापायी त्या कधी पहिला मजलाही चढत नसत, माझा तिसरा. दारात टेकल्या आणि चटणीची वाटी हातातच धरून म्हणाल्या, "रगत जातंय र यांना. दोन म्हैनं. मूलव्याद हाय म्हनतात, सुरन खातात. मी कपडं धुते ना पोरा, मना कलतं. तू त्या डाक्टरांत फिरतोस, ने ना यांना."

नेलं. पाम बीच रोडच्या अलीकडे एक दवाखाना आहे, तिथल्या सर्जन बाई माझ्या ओळखीच्या. त्यांच्या ऑपरेशनला मी स्टेपलर घेऊन उभा असतो, म्हणजे आतडं कापून लगेच सांधणारं आमचं यंत्र. मालकांनी केबिनमध्ये शिरल्या शिरल्या विचारलं, "तुमाला कापलंय का कदी, बाय?"

"सिझर झालंय, काका. दोनदा."

मालक खुर्चीत बसले. परीक्षा पास.

आत कॅमेरा घालून तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला, रिपोर्ट आला. बाईंनी काहीही न लपवता सांगितलं. "काका, डाव्या बाजूच्या आतड्यात गाठ आहे. कॅन्सरची आहे. पण अजून आतड्याबाहेर गेलेली दिसत नाही. दुर्बिणीतून तेवढा तुकडा काढू, दोन टोकं जोडू. पण महिन्याच्या आत."

मालकांनी एकच विचारलं. "थैली लावनार पोटाव?"

"आत्ता केलं तर बहुतेक नाही. उशीर केलात तर मी काही सांगू शकत नाही."

त्यांनी शर्टाची बटणं लावली आणि उठून चालू लागले. मी रस्त्यावर गाठलं. गाड्या सुसाट जात होत्या आणि ते दुभाजकाशी उभे राहून खाडीच्या दिशेला बघत होते.

त्यांची भीती मला त्या दिवशी कळली. मरणाची नव्हतीच. नारळी पौर्णिमेला गावाचा नारळ खाडीला देतात, तो देवळापासून जेट्टीपर्यंत हातात धरून न्यायचा आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून सोडायचा मान त्यांच्या घराचा. वडलांनंतर पंचेचाळीस वर्षं तेच.

"पोटाव गुवाची पिसवी बांदून देवाचा नारल धरू?" ते म्हणाले. "आनि मागच्यासारका दीड म्हैना? नाय. त्यापरास जाऊ दे."

म्हणजे मला करायचं होतं एवढंच: हे ऑपरेशन आता मागच्यासारखं राहिलेलं नाही, हे त्यांना पटवायचं. आणि पटवणं हाच तर माझा धंदा.

माझ्याकडे एक डेमोचा खोका आहे. प्लॅस्टिकचं पोट म्हणा. वर रबराची कातडी, तिला तीन भोकं, आत कॅमेरा आणि दिवा. नवे डॉक्टर त्यात हात बसवतात. खिळ्यावरचे मणी उचलून दुसऱ्या खिळ्यावर घालायचे, दोऱ्याची गाठ मारायची. सोपं नसतं. भोकातून चिमटा आत गेला की सगळं उलटं होतं; हात डावीकडे न्याल तर आतलं टोक उजवीकडे जातं. चांगले शिकलेले डॉक्टर महिनाभर मणी सांडतात. मी तो खोका रविवारी सकाळी मालकांच्या घरात मांडला आणि वायर टीव्हीला जोडली. मालकीणबायंची मालिका गेली आणि तिथं खोक्याचं पोट दिसू लागलं.

मालकांनी चिमटे हातात घेतले, आणि, खोटं सांगत असेन तर माझी जीभ झडो, पहिल्या झटक्यात मणी उचलला. दुसरा. तिसरा. सगळे.

"हे कसं जमलं?" मी विचारलं.

"सुकानू," तांडेल माझी कीव करत म्हणाला. "दांडा उजवीकडं ढकल, होडी डावीकडं जाते. ह्यात शिकायचं काय हाय?"

मालकांनी दोरा मागितला. जाळ्याची गाठ मारली. ती गाठ माझ्या सुरीलाही सुटली नाही, अजून त्या खिळ्यावर आहे. मग म्हणाले, "बोय आन ग." मालकीणबायंनी टोपलीतली वीतभर बोय, म्हणजे खाडीतला चंदेरी मासा, आणली. ती आम्ही खोक्यात ठेवली, झाकण लावलं, आणि मालकांनी टीव्हीकडे बघत त्या भोकांतून तिचं पोट फाडलं. दारात आळी गोळा झाली. कात्री, चिमटा, कात्री. माशाचं पित्त फुटलं तर मासा कडू होतो. मालकांनी पित्ताच्या पिशवीला धक्का न लावता आख्खं आतडं एका लांब दोरीसारखं भोकातून बाहेर ओढून काढलं. माझ्या घड्याळात वीस मिनिटं झाली होती. आळीनं टाळ्या वाजवल्या. कांबळेसाहेबसुद्धा हसले, दोन ऑपरेशनांनंतर बहुधा पहिल्यांदाच.

मालक घामेजले होते, आणि खूश होते. मी इतका खूश तर आयुष्यात झालो नव्हतो. मला वाटलं, जिंकलो. आणि जिंकलेल्या माणसानं जिथं थांबायचं तिथं मी सुटलो.

"बघितलंत? हे असंच! मालक, आता ऑपरेशन काय राहिलंय? सकाळी जायचं, संध्याकाळी चहा. दुसऱ्या दिवशी माणूस जिना चढतो. आत हिरवा रंग सोडतात, रक्त कुठवर पोचतंय ते स्क्रीनवर काजव्यासारखं चमकतं, चूक करायची म्हटलं तरी होत नाही. मोठ्या दवाखान्यांत तर यंत्राचे हात करतात, डॉक्टर नुसता बसून असतो. आमचा एक पेशंट पाचव्या दिवशी वरातीत नाचला!"

"दाहानी भागलं तरी बक्कल हाय," तांडेल म्हणाला.

मालक हातातल्या चिमट्याकडे बघत होते. "म्हंजे मोटं काम नायच ह्ये."

"मोठं? छे!"

"मंग कवापन करता येल?"

"कधीही!" मी म्हणालो.

त्या शब्दाचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. दवाखान्यांत मी तो दिवसातून वीस वेळा वापरतो. आमची मशीन कधीही बोलवा, आमचा माणूस कधीही येईल. पण मालक खाडीवरचे होते. त्यांच्याकडे कामांच्या दोनच जाती. मोठं काम असलं, होडी पाण्यात लोटायची, जाळं टाकायचं, तर पाणी बघावं लागतं. भरतीची वेळ चुकली की होडी चिखलात बसते, मग राजा आला तरी हलत नाही. आणि बारकं काम, म्हणजे दोरी सांधायची, मासा साफ करायचा, ते कधीही.

"मोट्या कामाला पानी बगावं लागतं," ते समाधानानं म्हणाले. "बारकं काम कवापन."

आणि ती बोय तळून आम्ही सगळ्यांनी खाल्ली. कडू नव्हती.

शिमगा झाला. मी विचारलं, "मालक, जायचं ना?" म्हणाले, गावदेवीची जत्रा होऊ दे. जत्रा झाली. पुतणीची हळद आली. हळद झाली तर पावसाच्या आत मासळी सुकवायची होती. मग बाईंनी सांगितलेलं त्यांना बरोबर आठवलं: ऑपरेशननंतर दीड महिना वजन उचलायचं नाही, खाडीच्या पाण्यात उतरायचं नाही. "म्हंजे पुनव चुकंल ना माजी. पुनवंनंतर जातंय. येवडुशा भोकांचं काम त्ये."

मला घाम फुटला तो तेव्हा. मी पायरीवर बसून त्यांना सगळं खरं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा मीठमसाला न लावता. ऑपरेशन बारीक झालंय, रोग बारीक झालेला नाही. भोकं लहान असली तरी आत कापायचं तेवढंच असतं. गाठ थांबत नसते. "उशीर करून गेलेले दहा जण मी या डोळ्यांनी बघितलेत, मालक."

मालकांनी तांडेलकडे बघितलं.

"येक," तांडेल म्हणाला.

"तो पन म्हातारा आसंल," मालक म्हणाले आणि जाळ्यात सुई घातली.

मी ओरडलो. हात जोडले. देवीची शपथ घेतली. जेवढा आवाज चढवला तेवढा मोठा आकडा त्यांना भागायला मिळाला. मालकीणबाय रडल्या तर त्यांनाही उत्तर तयार: "अग, मी सोता केलंय त्ये. टीवीत बगितलंस ना? बोय कडू लागली?" बाईंनी दोनदा फोन केला. "येतंय, येतंय," म्हणून मालकांनी त्यांना ताजी कोळंबी पाठवून दिली. बाई माझ्यावर वैतागल्या. "तुम्ही त्यांच्या घरात राहता. तुमचं ऐकतात ना ते?"

"ऐकत नाहीत," मी म्हणालो. "भागतात."

पौर्णिमेला मी जेट्टीवर होतो. ढोल-ताशे, बायकांची भरजरी लुगडी, नटवलेल्या होड्या. मालक मधोमध, हातात सोनेरी कागद लावलेला नारळ. कमरेचा शेला दर वर्षी एक वेढा घेऊन संपायचा, त्या दिवशी दोन वेढे घेऊनही टोक लोंबत होतं. ते पाण्यात उतरले. गुडघा, मांडी, कंबर. नारळ सोडून त्यांनी वर बघितलं, गर्दीत मला शोधलं, आणि हात उंचावला. 'झालं माजं, आता येतंय तुज्याबरोबर', असा तो हात होता. लोकांना तो नमस्कार वाटला, त्यांनी उलट नमस्कार केला. मी केला नाही. भरती उतरायला लागली होती.

पुढच्याच आठवड्यात त्यांचं पोट फुगलं. वारा सरेना, पाणी ठरेना. सकाळी दहाला दवाखान्यात, दुपारी टेबलावर. मी आत होतो. नेहमीसारखा हिरवे कपडे घालून, स्टेपलरचं सीलबंद पाकीट हातात धरून, बाईंच्या उजव्या बाजूला. मालकांचा जुना रुंद वण दिव्याखाली चमकत होता. त्याला बाजूला ठेवून बाईंनी पहिलं भोक केलं, कॅमेरा आत घातला.

स्क्रीनवर मी आजवर हजार पोटं बघितली असतील. (भागा. शंभर.) असं शेतातल्या दहिवरासारखं कधी बघितलं नव्हतं. आतड्यावर, आतल्या पडद्यावर, यकृतावर, जिकडे कॅमेरा वळेल तिकडे पांढरे बारीक ठिपके. कुणीतरी मूठभर मीठ फेकल्यासारखे. बाईंनी कॅमेरा सावकाश सगळीकडे फिरवला. एका बाजूनं परत आणला.

"पाकीट फोडू नका," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

काढण्यासारखं काही राहिलं नव्हतं. अडलेलं मोकळं करायला त्यांनी आतडं पोटाच्या भिंतीपर्यंत आणून तिथं तोंड केलं, त्यावर थैली बसवली, भोकं बंद केली. ऑपरेशन फार व्यवस्थित झालं. रक्त चमचाभरसुद्धा गेलं नाही. मी वर्णन करायचो अगदी तसं. दुसऱ्या दिवशी मालक कॉरिडॉरमध्ये चाललेही.

घरी आले ते पाचव्या दिवशी. भोकांवरच्या पट्ट्या निघाल्या, आणि तीन ठिपके असे भरून आले की मालकीणबाय येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या, "बग ना, कवडं छान भरलंय." दाखवताना थैलीवर पदर धरायच्या. पाहुणे मान डोलवायचे. मी जिन्यातून चोरासारखा ये-जा करायचो.

एका दुपारी मालकांनी मला हाक मारली. खाटेवर पडले होते, खिडकीतून खाडीचा चिखलाचा वास येत होता. तांडेल खाली गेला होता. मला जवळ बसायला सांगितलं.

"आज दाव."

"काय?"

"तुजी जकम. रेड्याची. आता मना काय लाजायचं?"

मी त्यांच्या पायाशी बसलो. पोटरीवरचा पाकटाचा वण माझ्या हाताखाली होता. "नाही आहे, मालक. कधीच नव्हती."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. रेडा सतरा टाक्यांचा मारत नाय, त्यो मारूनच टाकतो." ते हसायला गेले, खोकले. "तू खोटा हायस म्हाईत हुतं. सगलं भागलं तुजं. त्या खोक्याचं तेवडं भागलं नाय. सोता बगितलं ना मी."

मला म्हणायचं होतं की ते खरंच होतं. खोक्यातलं सगळं खरं होतं, मासा खरा होता, त्यांचा हात खरा होता, ऑपरेशनही तसंच आहे. एकच शब्द खोटा होता, 'कधीही', आणि तोच तुम्ही पदरात घेतलात. पण मी नुसती त्यांच्या पायावरची चादर नीट करत राहिलो.

"डाक्टरीन तुना बोलली आसंल," ते म्हणाले. "किती दिस?"

"काय मालक! दहा वर्षं तुम्हाला कोण हात लावतंय?"

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. "दाहानी भागलं. येक वरीस." मग परत. "त्ये पन तुजंच. आजून दाहानी भाग." बोटं चादरीवर मोजत होती, जाळ्याच्या फासांसारखी. "छत्तीस दिस."



"आजून भागू?" त्यांनी डोळे उघडून विचारलं.

मी उठून खिडकीपाशी गेलो. खाली ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या.

छत्तीस काही निघाले नाहीत.

अंघोळ घालायला गावचे म्हातारे जमले. तांडेलनं पहिला तांब्या घेतला. मालकांनीच घालून दिलेली रीत असावी तसा तो एकेका वणावरून हात फिरवत, जमलेल्यांना मोठ्यानं सांगत गेला. "ह्यो पाकटाचा. ह्यो दोरीचा, वादलातला. आनि ह्यो होडीतला, ह्या हातानी दाबून धरलेला." म्हातारे हुंकार देत होते, सगळ्यांनाच ते पाठ. मग थैलीवर टाकलेल्या फडक्याला वळसा घालून त्याचं बोट त्या तीन बारक्या ठिपक्यांवर आलं आणि थांबलं. तो वाकला. म्हातारपणानं त्याला नीट दिसत नव्हतं.

"आनि ह्ये काय? मच्छर चावलं का काय?"

"ऑपरेशन," मी म्हणालो. "कॅन्सरचं. तिथून आत गेले होते."

तांडेलनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग क्षणभर वर आकाशाकडे. त्याचे ओठ हलले, मी बघितले. आणि त्यानं तांब्या ओतला.